हिरव्या पट्टीबाहेरचं व्हील अलाइनमेंट: माझा अनुभव

गाडीची चाकं कोणत्या कोनांत ठेवायची (व्हील अलाइनमेंट) याचे आकडे ठरवायला एक संध्याकाळ पुरली. तेच आकडे गाडीवर उतरवून घ्यायला तीन फेऱ्या लागल्या, आणि पहिल्या दोन्ही वेळा घोडं अडलं ते अलाइनमेंट मशीनच्या स्क्रीनपाशी.

आधी आकडे. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना, सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब), मागे मल्टीलिंक (चाक अनेक दांड्यांनी धरलेलं). वापर रोजच्या रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर. पुढचा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल; उणे म्हणजे वरचं टोक आत) दोन्हीकडे −2.3°, मागचा −1.6°, पुढचा टो (वरून पाहता चाकाचं पुढचं टोक आत वळलेलं असलं तर टो-इन, बाहेर असलं तर टो-आउट) शून्य, मागे दोन्ही चाकांचा मिळून टो-इन 0.20°. कॅस्टर (बाजूने पाहता, चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे असलेला कल) मिळेल तेवढा जास्त, पण डावी-उजवी सारखी. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते.

पुढे एवढा निगेटिव्ह कॅम्बर कशाला? स्ट्रटमध्ये सस्पेन्शन दबलं तरी कॅम्बर फारसा वाढत नाही. वळणावर बॉडी कलते आणि बाहेरच्या बाजूचं चाक टायरच्या बाहेरच्या कडेवर उभं राहतं. माझ्या पुढच्या टायरांची बाहेरची कड घासली होती, आतली जवळजवळ नवी होती. मागे कॅम्बर कमी, कारण वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की टायरचा पूर्ण पट्टा जमिनीला लागायला हवा. पुढे थोडा टो-आउट दिला तर गाडी वळणात चटकन शिरते हे खरं, पण सरळ रस्त्यावर ती प्रत्येक चाकोरीमागे जाते. मला ते नको होतं.

आता अडलं कुठे ते. मशीनमध्ये कंपनीचे आकडे भरलेले असतात. त्या मर्यादेत आलं की हिरवं, बाहेर गेलं की लाल. मी कागदावर −2.3° लिहून दिलं होतं, स्क्रीन लाल झाली, आणि समोरच्या मेकॅनिकने माझ्या वरच्या कॅम्बर प्लेट (यांनी स्ट्रटचं वरचं टोक आत-बाहेर करता येतं) सरकवून −1.1° करून ठेवलं. वर “आता बघा, सगळं हिरवं आलं” असं खुशीत सांगितलं! त्याच्या दृष्टीने त्याने चूक दुरुस्तच केली होती. राग आला, पण कागदावर मी कारण लिहिलंच नव्हतं हेही खरं. आता मी वर ठळक लिहितो: “कंपनीचे आकडे नकोत, स्क्रीन लाल राहणार आहे, याच आकड्यांवर ठेवा.” आणि काम सुरू व्हायच्या आधी तोंडीही कबूल करून घेतो. जिथे याला नकार मिळतो तिथून गाडी तशीच परत काढावी, वाद घालण्यात वेळ घालवू नये.

दुसऱ्या फेरीत रंगाचा प्रश्न मिटला, तर एककाने घात केला. मी दशांशात लिहिलं होतं, मशीन अंश-मिनिटांत लावलेलं होतं. माझा 0.20° म्हणजे 12 मिनिटं, तीही दोन्ही चाकं मिळून, म्हणजे एका चाकाला 6. त्याने 0.20 वाचून 20 मिनिटं धरली, आणि तीही प्रत्येक चाकाला. 12 च्या जागी 40! शिवाय −2.30 चं 2 अंश 30 मिनिटं झालं, खरं तर ते 2 अंश 18 मिनिटं. कॅम्बरमधला एवढा फरक एक वेळ खपतो, टोमधला नाही. चाक सतत तिरकं घासत राहतं. टायरवरून हात आडवा फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागतं. निगेटिव्ह कॅम्बरमुळे टायर आतून खातो अशी ओरड असते, त्यात पुष्कळदा खरा गुन्हेगार टो असतो.

म्हणून कागदावर प्रत्येक आकडा अंश-मिनिटांत लिहा, आणि टोपुढे “एका चाकाचा” की “एकूण” हे शब्दांत लिहा. मिलिमीटरच्या भानगडीत पडू नका. 640 मिमी व्यासाच्या टायरच्या कडेला 0.1° म्हणजे सुमारे 1.1 मिमी, रिमच्या कडेला मोजलं तर त्याहून कमी. कुठे मोजलं ते कुणीच सांगत नाही.

तिसऱ्या फेरीला जमलं. आधी मागची चाकं, मग पुढची. त्यात कॅस्टर, कॅम्बर आणि सगळ्यात शेवटी टो, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. टो लावताना स्टीअरिंग सरळ धरून लॉक केलेलं हवं. टाय रॉडचा (स्टीअरिंगपासून चाकापर्यंतच्या, टो ठरवणाऱ्या दांडीचा) लॉक नट आवळताना रॉडही थोडा फिरतो, तेव्हा आवळून झाल्यावर पुन्हा रीडिंग घ्यायला लावा. बहुतेक जण आवळण्याआधीच प्रिंट काढतात.

आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: गाडी नेण्यापूर्वी चारही टायरांत हवा ठरलेल्या दाबाने भरा, टाकी अर्धी ठेवा, ड्रायव्हरच्या सीटवर आपल्या वजनाएवढं ओझं ठेवा. स्प्रिंग बदलल्या असतील तर बुशचे (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळलेले हवेत. लटकत्या चाकांवर आवळले तर बुश पिळलेले राहतात आणि गाडीची उंची खोटी येते. लिफ्टवर चाकं उचलून खाली ठेवल्यावर टायर तिरके अडकून बसतात. गाडी थोडी पुढे-मागे ढकलली नाही तर कॅम्बरचं रीडिंग फसवं येतं. टर्न प्लेटच्या (पुढच्या चाकांखालच्या फिरत्या तबकड्यांच्या) अडकवलेल्या पिना काढल्यात का तेही वाकून बघा.

कॅम्बर प्लेटऐवजी स्ट्रटच्या खालच्या बाजूला कॅम्बर बोल्ट घालणार असाल तर टायर स्ट्रटच्या जवळ सरकतो. चाक हाताने पूर्ण फिरवून फट तपासा, रुंद टायर असेल तर आधीच. आणि निघण्यापूर्वी स्टीअरिंग अँगल सेन्सर (स्टीअरिंग किती वळलंय ते मोजणारा) शून्यावर आणून घ्या. नाहीतर सरळ रस्त्यावरही स्टॅबिलिटी कंट्रोलला (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला) गाडी वळतेय असं वाटू शकतं आणि तो मध्येच ब्रेक लावू लागतो.