चाळीस एकरांचं तळं आणि एक खादाड मासा

मंडळाच्या गणपतीत, आरती संपून प्रसादाच्या रांगेत उभा असताना एका मित्राने मला गाठलं. त्याच्या वसाहतीत ४० एकरांचं तळं आहे. तिथल्या कमिटीवर हा नुकताच निवडून आलाय, त्यामुळे उत्साह उतू चाललाय. "अरे, आमच्या तळ्यात मस्की सोडले तर? पाच वर्षांत पोरं पन्नास इंची मासे धरतील!" मोदक तोंडात होता, तरी मी "नको" म्हणालो. बिचारा हिरमुसला. रांगेत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी मूळचा चिपळूणचा. काकांबरोबर वाशिष्ठीवर गरवायला जायचो, एक डोळा दोरीवर आणि दुसरा मगरींवर. तांबोशी मिळाली की रात्री तव्यावर. इथे ओहायोत, कोलंबसला येऊन सतरा वर्षं झाली आणि मस्कीच्या नादाला लागून नऊ. हा मासा मी आजवर चाखलेलाही नाही. धरायचा, मोजायचा, सोडून द्यायचा. "घरी आणायचाच नाही तर पहाटे चारला उठतोस कशाला?" हा बायकोचा प्रश्न नऊ वर्षं अनुत्तरित आहे.

मस्की म्हणजे मस्केलंज. लांबट अंग, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड आणि आत सुयांची रांग. आपली मरळ शेवाळात दबा धरून बसते तसाच हाही बसतो, फक्त तिच्याहून कितीतरी मोठा. इथले लोक म्हणतात की दहा हजारदा गळ टाकाल तेव्हा एक लागेल. मला पहिला लागला चौथ्या वर्षी, लीसव्हिल तलावावर, ३८ इंचांचा. पार होडीपाशी आला, मी गळ पाण्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला आणि पायाखालून पाणी फुटलं. त्यानंतर दहा मिनिटं माझे हात थरथरत होते. लीसव्हिल जेमतेम हजार एकरांचा, दहा अश्वशक्तीपेक्षा मोठी मोटर तिथे चालवता येत नाही. अशा लहान तलावाचा फायदा एवढाच, की मासा कुठे असेल याचा निदान अंदाज तरी बांधता येतो. म्हणून 'पहिला मस्की' पाहिजे असेल तर मी लहान तलावच सांगेन. पण मित्राला पहिला नको होता, त्याला पन्नास इंची हवा होता.

ओहायोचं वन्यजीव खातं नऊ जलाशयांत मिळून वर्षाला साधारण २०,००० मस्की सोडतं. हिशोब एकराला एक. आपल्याकडे कटला-रोहूचं मत्स्यबीज सोडतात, त्यातली बोटुकली खरंच बोटाएवढी असते. मस्कीची 'बोटुकली' दहा इंचांची, वीतभराहून मोठी! त्याहून लहान सोडली तर तळ्यातले बास मासे ती फस्त करतात. एवढी वाढवायची तर जिवंत बारके मासे चारावे लागतात, आणि तिथेच पैसे जातात.

आता मित्राच्या तळ्याचा हिशोब. ४० एकर, ४० पिल्लं. पहिल्या वर्षी बास, बगळे आणि थंडी आपापला वाटा घेणार. समजा वीस उरली. त्यातले निम्मे नर, आणि नर सहसा चाळीस इंचांच्या आसपासच थांबतात. पन्नाशी गाठतात त्या माद्या, त्याही सगळ्या नाहीत, आणि त्यांनाही दहा-बारा वर्षं तरी लागतात. म्हणजे एक तप थांबून हातात काय, तर दोन-तीन माद्या. तोवर पोरं कॉलेजात गेलेली असतील.

बरं, त्या खाणार काय? मस्कीला लांबट, मऊ अंगाचा मासा लागतो. ओहायोच्या मोठ्या जलाशयांत गिझर्ड शॅड भरपूर, म्हणून तिथे ते फोफावतात. मित्राच्या तळ्यात आहेत काटेरी, पसरट ब्लूगिल. शॅड आणून सोडावेत तर ते ब्लूगिलच्या तोंडचा घास काढणार, म्हणजे पोरं आत्ता जे मासे धरतात तेही जाणार.

आणि पाणी. वसंतात धुवांधार पाऊस झाला की सांडव्यावरून मस्की खुशाल खाली निघून जातात. धरणाच्या भिंतीखाली गळ टाकून उभी असलेली माणसं उगाच तिथे जात नाहीत. उन्हाळ्यात उथळ तळं तापतं. पाणी २७ अंशांच्या वर गेलं की आम्ही मस्कीच्या वाटेला जात नाही, कारण सोडून दिलेला मासाही दमून मरतो. कमिटीच्या तळ्यावर जुलैच्या सुट्टीत हा नियम कोण पाळणार?

बीज कुठलं हाही प्रश्न आहेच. मिनेसोटात शूपॅक नावाचं एक आडजंगलातलं छोटं तळं आहे. तिथे मस्की भरपूर, पण सगळे आखूड. तिथल्या खात्याने अनेक वर्षं त्यांचीच पैदास करून ती दुसऱ्या तलावांत सोडली. मोठ्या पाण्यात जाऊनही ते मासे बेताचेच राहिले. १९८०च्या दशकात लीच लेकच्या वाणाकडे वळल्यावर तिथे खरे अजस्र मस्की दिसू लागले. आखूडपणा रक्तातच होता, तलाव बदलून काय होणार? आपल्याकडे बियाणं निवडताना शेतकरी जे बघतो तेच.

आमच्या राज्याचा विक्रम १९७२चा, पीडमाँट तलावातला. लांबी ५०.२५ इंच, वजन ५५ पौंड १३ शतांश, म्हणजे पंचवीस किलो. माझा आजवरचा सर्वांत मोठा ४४ इंचांचा, आणि त्या रात्री मी झोपलो नव्हतो.

हे सगळं मित्राला फोनवर ऐकवलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मग मला तरी एक धरून दाखव." नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी लीसव्हिलला जायचं ठरलंय. पहाटे चारला निघायचं, थर्मास वहिनी भरून देणार आहेत, आणि हातमोजे त्याने स्वतःचे आणायचेत, माझे फाटलेत.