झाकण पुढे उघडतं

2025 च्या सप्टेंबरात आमच्या वर्कशॉपला जेवायलाही फुरसत नव्हती. 26 तारखेला चंडीगडला मिग-21 हे लढाऊ विमान निवृत्त होणार होतं आणि ज्याला त्याला टेबलावर त्याचं एक मॉडेल हवं होतं. सगळ्यांची मागणी एकच: बायसन, म्हणजे मिग-21 ची शेवटची आवृत्ती, करडा रंग, पंखांखाली क्षेपणास्त्रं, सागवानी स्टँडवर नाक वर करून. सातपूर एमआयडीसीतल्या माझ्या गाळ्यात रेझिनची विमानं ओळीने वाळत पडली होती.

त्या गर्दीत एक काका नातीला घेऊन आले. वय ऐंशीच्या आसपास, आयटीआय करून ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात लागलेले, सगळी नोकरी तिथेच. नातीने फोटो पाहून बायसन पसंत करून ठेवलं होतं. काकांनी ते उचललं, समोरून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"हे आमचं नाही. नळी बघ कुठे आहे."

बरोबर होतं त्यांचं. बायसनची पिटो नळी (वेग मोजण्यासाठी पुढे काढलेली दांडी) नाकाच्या वर, पण उजवीकडे सरकलेली असते. काकांनी जोडलेलं मिग म्हणजे टाइप 77, मिग-21 चीच जुनी आवृत्ती, त्याची नळी वर बरोबर मध्यावर. शिवाय पाठीचा कणा सडपातळ. हे 77 डिसेंबर 2013 मध्येच कलाईकुंड्याला निवृत्त झालं, त्यामुळे आताच्या निरोपात त्याचं नावही फारसं निघत नव्हतं. माझ्याकडे त्याचा जुना साचा होता. 1:32 चं मॉडेल, पंखांचा पसारा सुमारे 22 सेंटिमीटर. रंग न दिलेला एक नग कपाटातून काढून दिला.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, विमान डोळ्याजवळ नेलं आणि अंगठ्याचं नख पत्र्यांच्या जोडरेषांवरून फिरवत गेले. पंखाच्या मुळाशी थांबले.

"ही फट केवढी?"

"अर्धा मिलिमीटर असेल."

"म्हणजे खऱ्या विमानात सोळा. एवढी ठेवली असती तर इन्स्पेक्शनवाल्याने मला गेटच्या बाहेर काढलं असतं."

मी हसलो, पण हटलो नाही. रेषा खोल कोरल्या नाहीत तर दोन हात रंगात बुजतात आणि विमान साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत दिसतं. आमच्या धंद्यात सगळेच थोड्या खोल कोरतात. गिऱ्हाईक लांबून बघतं, पोटाखाली तर कोणी ढुंकूनही पाहत नाही. काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी जवळून बघणार आहे."

मग रंगाचा विषय. नातीला हिरवा-तपकिरी हवा होता, एकाहत्तरच्या लढाईतल्यासारखा. काका म्हणाले, आमच्याकडून निघायचं ते कोऱ्या पत्र्याचं, चांदीसारखं. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. करड्या रंगाखाली पुटीच्या शंभर चुका लपतात, चंदेरीखाली एकही नाही. आधी काळा चकचकीत बेस, तो आरशासारखा घासायचा, मग अॅल्युमिनियमचे पातळ हात. धुळीचा एक कण बसला तर परत पहिल्यापासून.

आणि शेवटी खरी फर्माईश आली: कॉकपिटचं झाकण उघडं हवं. काकांची सुरुवातीची वर्षं त्याच सेक्शनला गेली होती. टेबलावरच्या मॉडेलमध्ये झाकण भरीव असतं, निळसर रंग दिला की झालं. उघड्या झाकणाने विमानाची धाव मोडते, असं माझं मत आहे आणि मी ते सांगितलंही. नात मध्येच म्हणाली, "आजोबा, निदान बाजूला उघडं ठेवूया, छान दिसेल."

"बाजूला नंतरची. आमचं पुढे उघडतं, समोरच्या काचेसकट." त्यांनी पंजा मनगटातून पुढे कलता करून दाखवला. मग कारण सांगितलं: वैमानिकाने सीट उडवली की हे झाकण सीटला अडकून बरोबरच बाहेर जायचं, म्हणजे सुसाट वारा तोंडावर येत नसे. पुढच्या मिगांमध्ये सीट बदलली, मग झाकणही बाजूला उघडायला लागलं. इतकी वर्षं हे विमान घडवतोय, बिजागरी पुढे का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

कॉकपिट कोरून काढणं, पारदर्शक झाकण गरम करून ओढणं, पितळी पिनेची बिजागरी, असा हिशोब मांडला. भाव बायसनच्या अडीचपट झाला. नातीने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी घासाघीस केली ती फक्त स्टँडवर: सागवान नको, साधा लोखंडी पाइप चालेल. अॅडव्हान्स देऊन पावती चष्म्याच्या डबीत ठेवली आणि निघताना परत बजावलं, रेषा उथळ.

काकांच्या विमानाच्या रेषा उथळच कोरल्या. बायसनच्या मात्र अजूनही अर्ध्या मिलिमीटरच्याच कोरतो; त्याखाली गेलो की गिऱ्हाईक फोन करून विचारतं, डिटेलिंग कमी का केलंत.