सावलीतला येशू

आमच्या वसईच्या घरी अल्तारावर येशूची जी तसबीर होती, ती गोरीपान, निळ्या डोळ्यांची. डोक्यामागे सोनेरी वलय. पुढे शाळेत चित्रकला शिकवताना दर नाताळात मी मुलांकडून तोच येशू काढून घेतला. म्हणून मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत एकोणिसाव्या शतकातला रशियन चित्रकार निकोलाय गे याच्या ‘सत्य म्हणजे काय?’ या चित्रासमोर उभी राहिले तेव्हा क्षणभर मी येशूला शोधतच राहिले.

चित्र माझ्यापेक्षा कितीतरी उंच. ऊन सगळं पिलातावर, येशूचा न्याय करणाऱ्या रोमन सुभेदारावर. तो पाठमोरा, जाड मानेचा, पांढऱ्या झग्यातला. हात पुढे पसरून येशूला तोच प्रश्न टाकलाय आणि उत्तरासाठी थांबायची इच्छा दिसत नाही. येशू भिंतीपाशी, सावलीत. केस विस्कटलेले, हात मागे बांधलेले, रात्रभर डोळ्याला डोळा नसावा असा चेहरा. वलय नाही. नजर मात्र पिलातावरून हलत नाही. उपवासकाळात मी क्रूसाची वाट करते, येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या एकेका स्थानापाशी थांबून प्रार्थना. पहिल्याच स्थानावर पिलात शिक्षा सुनावतो. इतकी वर्षं तिथे गुडघे टेकले, पण रात्रभर छळलेला माणूस सकाळी कसा दिसत असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

1890 साली पीटर्सबर्गच्या प्रदर्शनातून हे चित्र देवनिंदा म्हणून काढायला लावलं. ज्याच्या नावाची ही गॅलरी, त्या चित्रसंग्राहक त्रेत्याकोव्हलाही ते आधी घ्यायचं नव्हतं. टॉल्स्टॉयने पत्र लिहून गळ घातली, तेव्हा त्याने घेतलं. 1894 मध्ये गेच्या ‘क्रूसारोहण’ या चित्रावरही बंदी आली आणि त्याच वर्षी तो वारला. मी श्रद्धाळू बाई आहे, आणि मला या चित्रात देवाची निंदा कुठेच दिसली नाही. उलट, वर्षानुवर्षं हार घालून आपण ज्याला लांब नेऊन ठेवलं, तो इथे हाताच्या अंतरावर आला.

गे शेवटची वर्षं युक्रेनमधल्या आपल्या शेतावर राहिला. आसपासच्या शेतकऱ्यांच्या घरी विटांच्या शेगड्या बांधून द्यायचा. हे वाचल्यापासून मला तो जास्तच जवळचा वाटतो.

पण माझे पाय खिळले ते यहूदापाशी, येशूला दगा देणाऱ्या शिष्यापाशी. 1863 च्या ‘शेवटच्या भोजना’त गेने त्याला काळ्या आकृतीसारखा काढलाय. अंगरखा खांद्यावर ओढत तो निघालाय आणि दिव्याच्या उजेडात आडवा आलाय. त्या चित्रातल्या येशूसाठी गेने देशाबाहेर राहून झारविरुद्ध लिहिणाऱ्या हर्झेनचं छायाचित्र समोर ठेवलं होतं. मग तब्बल 28 वर्षांनी, 1891 मध्ये, पुन्हा यहूदा: ‘सद्सद्विवेक’. लांबवर मशाली चालल्यात, येशूला धरून नेताहेत. आणि हा एकटा, चांदण्यात, वस्त्रात गुंडाळलेला, आपल्याकडे पाठ करून. चेहरा दिसतच नाही. चांदणं मात्र पुरेपूर त्याच्या अंगावर पडलंय. इतक्या वर्षांत गेने त्याच्यावर उजेड पडू दिला.

वहीत ती पाठ उतरवून घ्यायचा प्रयत्न केला. खांद्यावरून खाली येणारी वस्त्राची घडी जमेना. थंडीने अंग आखडून घ्यावं तसा तो उभा आहे, ते पेन्सिलीत येईना. घरी आल्यावर आणखी चार वेळा काढली. काल रात्री खांदा जमला. मान अजून नाही.