भिवंडी ते मालेगाव: चढावर बंद पडणारं आणि वीस मिनिटांनी पुन्हा चालू होणारं इंजिन

गाडी दहा चाकी, 24 व्होल्टची, सहा सिलिंडर आणि इनलाइन पंपाचं (सगळ्या सिलिंडरना एका रांगेतून डिझेल देणाऱ्या यांत्रिक पंपाचं) जुनं इंजिन. माल सुताचा, भिवंडीच्या गोदामातून मालेगावला. तक्रार अशी की लोडवर चालता चालता इंजिन बंद पडतं आणि वीस-पंचवीस मिनिटं उभी ठेवली की एका सेल्फमध्ये चालू होतं. गॅरेजात आणली की दोन तास आयडलला ठेवा, काही होत नाही. डिझेल फिल्टर महिन्यात दोनदा बदलले होते. हा दोष उभ्या गाडीत सापडत नाही, तो चढावर, लोडखालीच पकडावा लागतो. म्हणून ही फेरी तपासणीची.

सोबत घ्यायचं सामान: डिझेल लाइनच्या मापाची मऊ पारदर्शक नळी दोन मीटर, सहा क्लिप, झाकणाचा 20 लिटरचा कॅन, 24 व्होल्टचा बल्ब होल्डरसकट, पाच मीटर वायर, बॅन्जोचे (पोकळ बोल्टच्या जोडाचे) नवे तांब्याचे वायसर, दोन जादा फिल्टर, आणि चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी केल्या. टाकीकडून फीड पंपाकडे (टाकीतलं डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) येणाऱ्या लाइनमध्ये हातभर पारदर्शक नळी बसवली. आणि स्टॉप सोलेनॉइडला (इंजिन बंद करणाऱ्या विजेच्या स्विचला) जाणारा करंट बल्बला समांतर जोडून बल्ब केबिनमध्ये आणला. या गाडीचा सोलेनॉइड करंट असेपर्यंत इंजिन चालू ठेवणारा आहे. इग्निशन स्विच किंवा फ्यूजमधला करंट क्षणभर जरी गेला तरी इंजिन बंद होतं, आणि मागाहून मीटर लावला की सगळं ठीक दिसतं. बल्ब हा चालत्या गाडीतला साक्षीदार. मात्र सोलेनॉइडचीच अर्थ सैल असेल तर बल्ब पेटलेला राहील, म्हणून अर्थचं टोक आधीच घासून घट्ट करावं. तारेनं ओढायचा स्टॉपर असलेल्या गाडीला याची गरज नाही.

पडघा, शहापूर व्यवस्थित पार पडलं. खर्डीच्या पुढे चढावर गाडीनं दोष दाखवला. आधी पिकअप गेला, मग ॲक्सिलरेटर दाबूनही आरपीएम चढेना, दोन-तीन झटके आणि बंद. बल्ब पेटलेलाच होता. इथे बंद पडण्याची पद्धत नीट बघा: बटण दाबल्यासारखं एकदम बंद झालं तर वीज तपासा, दम घेत, झटके देत बंद झालं तर डिझेल.

लगेच खाली उतरून नळी पाहिली. बुडबुडा एकही नव्हता, पण नळी चपटी झाली होती, दोन बोटांत दाबून धरल्यासारखी. बघता बघता ती पाच-सात मिनिटांत पुन्हा गोल झाली. अर्थ सरळ आहे. फीड पंप ओढतोय, टाकीकडून डिझेल येत नाही. बुडबुडे दिसले असते तर लाइनमध्ये कुठेतरी एअर शिरतेय असं समजून क्लिपा, तडकलेलं होज आणि बॅन्जोचे वायसर बघितले असते. सक्शनच्या बाजूची गळती बहुतेक वेळा बाहेर ठिबकत नाही, ती आत हवा ओढते. त्यामुळे कोरडा जॉइंट बघून फसू नका.

टाकीचं झाकण उघडलं तेव्हा हवेचा सुस्कारा आला नाही, म्हणजे झाकणाचा व्हेंट (टाकीत हवा जायचं भोक) मोकळा होता. तो बंद असता तर झाकण सैल करताच फुस्स आवाज येतो आणि गाडी वाट न बघता चालू होते.

खात्री करायला कसाऱ्याला कॅन लावला. केबिनच्या मागे, सायलेन्सरपासून लांब, फीड पंपापेक्षा उंच बांधला. केबिनच्या आत कधीही नको. बरेच जण इथे एक चूक करतात: फक्त सक्शनची (डिझेल ओढायची) नळी कॅनमध्ये घालतात आणि रिटर्नची (उरलेलं डिझेल परत आणणारी) नळी टाकीत राहू देतात. फीड पंप इंजिन जाळतं त्याच्या कितीतरी पट डिझेल ओढतो, उरलेलं परत जातं, त्यामुळे कॅन भर घाटात रिकामा होतो. रिटर्नही कॅनमध्येच सोडा. मग हातपंप मारून फिल्टरच्या स्क्रूमधून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढा.

पूर्ण लोडवर घाट चढून गाडी घोटीपर्यंत एकदाही अडखळली नाही. म्हणजे फीड पंप, फिल्टर, मुख्य पंप, नोझल सगळं निर्दोष. दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच अंतरात.

घोटीला टाकीतली पिकअप पाइप (डिझेल ओढून घेणारी, टोकाला जाळी असलेली नळी) काढली. जाळी स्वच्छ. टाकी पट्ट्यांवरून उतरवून आडवी केली तेव्हा तळाच्या गाळातून चंदेरी सील निघालं, ऑइलच्या डब्याच्या तोंडावर असतं तसं, रुपयापेक्षा थोडं मोठं. आरपीएम वाढला की ओढ वाढते आणि ते जाळीला चिकटतं. इंजिन बंद पडलं की ओढ हळूहळू सुटते, सील खाली पडतं, आणि गाडी काही झालंच नाही अशी चालू होते. आयडलला ओढ कमी, म्हणून गॅरेजात कधीच सापडलं नाही.

टाकी दोनदा स्वच्छ डिझेलनं खळबळून घेतली, फिल्टर बदलले, वायसर नवे घातले. रिकाम्या टाकीजवळ गॅस वेल्डिंग करू नका, आतली वाफ स्फोट करते. टाकी उतरवायची सोय नसेल तर झाकण उघडून फीड पंपाकडच्या टोकातून टाकीकडे कमी दाबाची हवा मारता येते. गाडी चालते, पण कचरा आतच राहतो.

पुढे चांदवड, राहुड घाट, मालेगाव. कुठेही थांबली नाही.

मागून याच रस्त्यानं येणाऱ्यांनी घाटातलं एवढं ध्यानात ठेवावं: इंजिन बंद झालं की कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टिअरिंग जड होतं. ब्रेकच्या हवेच्या टाकीत उरलेल्या हवेवर ब्रेक थोडेच वेळा लागतात, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. एकदाच दाबून डावीकडे घ्या, हँडब्रेक लावा, क्लीनरला आधी मागच्या चाकाला ठोकळा लावायला सांगा. आमणे ते इगतपुरी समृद्धीनं जायचा मोह होईल, पण इगतपुरीजवळ सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा आहे. दोष सापडेपर्यंत अशी गाडी त्यात नेऊ नये.

कॉमन रेल गाडीत (एकाच जाड नळीत जास्त दाबानं डिझेल भरून तिथून सगळ्या नोझलना देणाऱ्या नव्या पद्धतीच्या गाडीत) पहिली नजर आरपीएमच्या काट्यावर. बंद पडताना काटा एकदम शून्यावर आला आणि सेल्फ मारतानाही हलला नाही, तर दोष क्रँक सेन्सरचा (इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचा) किंवा त्याच्या वायरचा. तो तापला की काम सोडतो आणि गार झाला की पुन्हा चालतो. स्कॅनर लावून कोड वाचा, सेन्सरचा सॉकेट तपासा. चालू इंजिनावर रेलच्या नळ्या सैल करून एअर काढायची जुनी सवय मात्र इथे सोडा. त्यातला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.