कळस नसलेली वारी

मेनोनाइट हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो धमतरीत. आजीच्या मोतीबिंदूसाठी देवरीहून बसने मिशनच्या दवाखान्यात गेलो होतो. मी तिसरीत असेन. तिथून जवळच एका चर्चच्या पाटीवर तो शब्द होता, आणि मला ते एखाद्या दगडाचं नाव वाटलं, ग्रॅनाइटसारखं. आजीची पट्टी सुटली, डोळा लख्ख झाला. त्यानंतर ती मरेपर्यंत त्या दवाखान्याला दुवा देत राहिली. शब्द मी विसरून गेले.

आता मी अ‍ॅमस्टरडॅमच्या शेजारी आम्स्टलवेनला राहते. समोरच्या घरात 74 वर्षांच्या एक बाई आहेत. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारते, पण मनातल्या मनात मावशीच म्हणते. 2025 च्या मे महिन्यात त्या झुरिकला जाऊन आल्या. कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या लोकांना 500 वर्षं झाली." कोणते लोक? मेनोनाइट, ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. मला एकदम देवरीची बस आठवली.

आषाढी त्या वर्षी 6 जुलैला, रविवारी होती. मी पुण्यात असताना आयटीवाल्यांच्या दिंडीत दोनदा आळंदी ते पुणे चालले, एकदा दिवेघाट चढून सासवडपर्यंत गेले. म्हणजे अर्धीकच्ची वारकरी. तरी आषाढी आली की पाय वळवळतातच. मावशी म्हणाल्या, चालायचंच असेल तर मेन्नोच्या गावाला चल, मीही येते. मेन्नो सिमन्स, ज्याच्या नावावरून ही माणसं मेनोनाइट झाली, तो उत्तरेकडच्या फ्रीसलँडमधल्या विटमार्सुमचा. हार्लिंगेन बंदरापासून किम्सवेर्ड, पिंगयुम, विटमार्सुम आणि शेवटी बोल्स्वार्ड, जेमतेम 20 किलोमीटर. दोन दिवसांत करायचं ठरलं, कारण मावशींचा एक गुडघा नवा आहे.

एक गोष्ट त्यांनी गाडीतच सांगून टाकली. "आम्ही तीर्थयात्रा मानत नाही हं. संत नाहीत, मूर्ती नाही, समाधी नाही. मेन्नोची कबर तर कुठे आहे तेही धड माहीत नाही." तो 1561 मध्ये जर्मनीत, होल्स्टाइनमध्ये वारला. मी म्हटलं, मग आपण जातोय ते काय? त्या म्हणाल्या, "चालायला."

हार्लिंगेनहून शनिवारी सकाळी निघालो. वारा समोरून. फ्रीसलँडचा वारा म्हणजे दिवेघाटच, फक्त चढ दिसत नाही. सगळं सपाट. गवत, कालवे, बटाट्याची शेतं, आणि कुठेही नजर टाकली तरी लांब एखाद्या चर्चचा मनोरा. प्रत्येक मनोरा गाव दाखवतो. मावशी म्हणाल्या, "त्यातला एकही आमचा नाही." मला ते तेव्हा कळलं नाही.

किम्सवेर्डला ग्रुटे पिअरचा पुतळा आहे. हा इथला धिप्पाड बंडखोर शेतकरी, 1520 मध्ये वारला. त्याची म्हणून दाखवतात ती तलवार लेउवार्डेनच्या संग्रहालयात आहे, दोन मीटरहून लांब, माझ्याहून कितीतरी उंच. पिअर गेला तेव्हा दोन गावं पलीकडचा मेन्नो 24 वर्षांचा होता. एकाच मातीतून एक तलवारवाला आणि एक तलवार न घेणारा. पुतळा मात्र गावात तलवारवाल्याचा.

मेन्नो आधी साधा कॅथलिक पाद्री. 1524 मध्ये दीक्षा घेऊन पिंगयुमला लागला, ते त्याच्या वडिलांचं गाव. स्वतःबद्दल त्याने पुढे स्पष्ट लिहून ठेवलंय की पहिली दोन वर्षं बायबल उघडलंच नाही, बरोबरच्या पाद्र्यांसोबत पत्ते आणि दारू यातच वेळ गेला. मग प्रसादाची भाकरी खरंच ख्रिस्ताचं शरीर होते का, अशी शंका आली. त्यानंतर 1531 मध्ये लेउवार्डेनला एका शिंप्याचं डोकं उडवल्याचं कानावर आलं. गुन्हा काय, तर त्याने मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी, घेतला. एवढ्यासाठी माणूस मारतात? मेन्नो पुस्तकं उलटून बघू लागला, आणि लहान बाळाला बाप्तिस्मा द्यावा असं त्याला बायबलात कुठे सापडेना.

सुरुवात त्याने केलेली नाही, हे मावशी दर मैलाला बजावत होत्या. सुरुवात झुरिकची. 21 जानेवारी 1525 ला काही तरुणांनी एका घरात एकमेकांना बाप्तिस्मा दिला. श्रद्धा कळत्या वयात, स्वतःच्या मर्जीने घ्यायची. आणि सरकारने धर्मात पडायचं नाही. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्त्सला दोन वर्षांत, जानेवारी 1527 मध्ये, लिम्मात नदीत बांधून बुडवलं. पाण्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतलास ना, मग घे पाणी, असा तो न्याय. आणि मारणारे कॅथलिक नव्हते, सुधारलेले प्रोटेस्टंट होते. आपल्याकडे तुकोबांच्या वह्या बुडवल्या, इथे माणूस.

पिंगयुमला दुपारी पोचलो. गावाभोवती जुना मातीचा बांध आहे, त्याला सोन्याचा हार म्हणतात. समुद्र आत येऊ नये म्हणून मध्ययुगात घातलेला, आता त्यावर मेंढ्या चरतात. त्या हारावरून गावात शिरलो आणि मी चर्च शोधू लागले. मावशी एका घरासमोर थांबल्या. साधं विटांचं घर, दार, खिडक्या, पडदे. "हेच."

मनोरा नाही, घंटा नाही, रस्त्यावरून ओळखू येईल अशी एकही खूण नाही. साधारण 1600 च्या सुमाराचं लपलेलं चर्च. तोवर जाळणं-बुडवणं थांबलं होतं, पण अट अशी की दिसायचं नाही. प्रार्थना करा, पण घराच्या पोटात. मावशींनी आधी फोन केला होता म्हणून किल्ली घेऊन एक काका आले. पुढे राहतं घर असावं तसं, आणि मागचं दार उघडलं की खोली: लाकडी फळ्यांची जमीन, खुर्च्या, एक व्यासपीठ. चित्र नाही, क्रूसावरचा ख्रिस्त नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. मी सवयीने चपला काढल्या. काकांनी बघितलं आणि काही न बोलता आपलेही बूट काढले. एवढ्या वेळात मला पहिल्यांदा देवळात आल्यासारखं वाटलं.

तिथे बसून मावशींनी मेन्नोची एक गोष्ट सांगितली. तो फरारी असताना म्हणे एका गाडीत पुढे गाडीवानाशेजारी बसला होता. शिपायांनी अडवून विचारलं, मेन्नो आत आहे का? खोटं तर बोलायचं नाही. त्याने मागे वळून आतल्या लोकांना विचारलं, "मेन्नो आहे का आत?" ते म्हणाले, नाही. मग शिपायांना सांगितलं, "ते म्हणतात, मेन्नो आत नाही." खरं-खोटं देव जाणे, पण डच भाषेत अशा बोलण्याला आजही मेनोनाइटांचं खोटं म्हणतात. गोष्ट गमतीची, मागचा काळ नव्हे. 1542 मध्ये त्याच्या डोक्यावर 100 गिल्डरचं बक्षीस लागलं. त्याआधीच, 1539 मध्ये, या भागातल्या त्यार्ड नावाच्या शेतकऱ्याला मारलं, केवळ मेन्नोला घरात थारा दिला म्हणून. त्यार्डने तो आत नाही असं म्हटलं नसावं.

रात्री पिंगयुमलाच राहिलो. माझ्या डाव्या टाचेला फोड आला होता.

रविवारी एकादशी. घरमालकिणीने नाश्त्याला इथला साखरेचा पाव ठेवला, आतून साखरेचे खडे वितळलेले, वास असा की व्रत मोडावं. मी नाही म्हटलं तर तिचा चेहरा पडला. मावशींनी समजावलं, आणि तिने उकडलेले बटाटे आणून दिले. मीठ लावून दोन खाल्ले, दोन खिशात टाकले. बटाट्याच्या मुलखात उपास सोपा.

विटमार्सुमची वाट तासाभराची. भुरभुर पाऊस. आळंदीच्या वाटेवर पाऊस आला की प्लास्टिकचे कागद डोक्यावर येतात आणि टाळ वाढतात. इथे आम्ही दोघी आणि गाई. मी हळू आवाजात "ज्ञानोबा माऊली तुकाराम" सुरू केलं. मावशी दोन पावलं पुढे होत्या, त्यांची काठी त्याच ठेक्यावर पडू लागली. त्यांना कळलंही नसेल.

1535 चा विषय त्यांनी इथे काढला, आणि आवाज बदलला. जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात त्याच बाप्तिस्मेवाल्यांच्या एका गटाने तलवार घेतली, शहर ताब्यात घेतलं, राजा केला, अनेक बायका केल्या. शेवटी त्यांच्या तीन पुढाऱ्यांची प्रेतं पिंजऱ्यांत घालून चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. ते पिंजरे अजून तिथेच आहेत. त्याच वर्षी इथे, बोल्स्वार्डजवळच्या ऑल्डेक्लोस्टर मठात, 300 च्या आसपास लोक शिरले. आठवडाभराच्या वेढ्यानंतर सरकारी फौजेने मठ घेतला आणि कत्तल केली. मरणाऱ्यांत मेन्नोचा भाऊ असावा असं मानतात. मेन्नो तेव्हा विटमार्सुमचा पगारी पाद्री, कॅथलिकच. त्याने लिहिलंय की चुकलेली असली तरी त्या माणसांचं रक्त आपल्या काळजावर तापून पडलं. कारण खरं काय ते आपल्याला माहीत होतं आणि आपण गप्प बसलो. 1536 च्या जानेवारीत त्याने नोकरी सोडली आणि उरलेल्यांना गोळा केलं, तलवारीविना.

मला यात सगळ्यात जवळचं काय वाटलं सांगू? हुतात्मे नव्हेत. हा पगार खाऊन गप्प बसलेला माणूस. नऊ-दहा महिने लागले त्याला. आपल्याला किती लागतात.

विटमार्सुमच्या बाहेर, शेतात, स्मारक आहे. इथे त्यांचं जुनं प्रार्थनाघर होतं, ते गेल्यावर 1879 मध्ये एक दगडी स्तंभ उभारला. अलीकडे त्या घराच्या आकाराचा पोलादी सांगाडा केलाय: भिंती नाहीत, छप्पर नाही, फक्त कडा. आत गेलं तरी पाऊस लागतो. गर्दीच्या वर्षी पंढरपुरात कळसाला हात जोडून परतणारे वारकरी मी पाहिलेत. इथे कळसाच्या जागी ढग होते.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. "पोचली काय वं? मूर्ती दाखव न."

मी कॅमेरा फिरवला. स्तंभ, सांगाडा, पलीकडे गवत.

"गाई आहेत," आई म्हणाली. "अन् देव कोठी आहे?"

"नाही ठेवत हे लोक."

"बरं. मग तशीच पाया पड अन् ये."

कोणाच्या? वारीत प्रश्न पडत नाही, समोर जो येईल त्याच्या. तोही आपल्या पडतो. मी वाकून मावशींच्या चिखलाने भरलेल्या बुटांना हात लावला. त्या दचकून मागे सरल्या. मग समजावलं तसं हसल्या आणि सांगू लागल्या, की त्यांच्याकडेही एकमेकांचे पाय धुण्याची रीत होती. 1632 मध्ये डॉर्ड्रेख्ट शहरात जो श्रद्धेचा मसुदा केला त्यात त्यासाठी एक आख्खं कलम आहे. अमेरिकेत याच मुळातले आमिश लोक अजून धुतात. "आम्ही डचांनी सोडलं. आम्ही बरंच सोडलं."

आणि मग बोल्स्वार्डपर्यंत त्या सोडलेलं मोजत राहिल्या. सरकारी पदं बंद होती म्हणून ही माणसं व्यापारात शिरली, श्रीमंत झाली. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या सरकारने 1711 मध्ये हाकललेल्या पंथबंधूंची जहाजं ऱ्हाईन नदीतून आली तेव्हा यांनीच उतरवून घेतलं. हार्लिंगेनचा आडाम विबे पोलंडच्या ग्दान्स्कला गेला आणि त्याने 1644 मध्ये माती वाहायला दोरावरून टोपल्या सोडल्या, आजच्या रोपवेचा पूर्वज. विस्तुला नदीची दलदल सुकवायला गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं पुढे रशियाच्या राणीच्या बोलावण्यावरून युक्रेनच्या माळावर गेली. त्यांचे वंशज सोव्हिएत राजवटीच्या अखेरीस जर्मनीत परतले. त्यांची चर्चं मोठी, घरं लेकुरवाळी, रिवाज कडक. आणि इथे? तलवार न धरण्याचं व्रत डचांनी नेपोलियनच्या काळापासून ढिलं सोडलं. 1911 मध्ये मात्र याच फ्रीसलँडमधल्या त्यांच्या एका मंडळीने देशातली पहिली बाई पाद्री नेमली. आता देशभरात काही हजार उरलेत. मावशींच्या चर्चमध्ये रविवारी तीसेक माणसं असतात, आणि 74 व्या वर्षी त्यांना तरुण म्हणतात.

धमतरी त्यांना माहीत होतं. 1899 मध्ये, मोठ्या दुष्काळात, अमेरिकेतले मेनोनाइट तिथे आले. तेव्हा तो मुलूख मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. आता मेनोनाइट युरोपापेक्षा आफ्रिका-आशियात कितीतरी जास्त आहेत. 1997 मध्ये त्यांची जागतिक सभा कोलकात्यात भरली होती. मी आजीच्या डोळ्याचं सांगितलं. मावशींनी कोणता डोळा ते विचारलं. उजवा.

मला एका गोष्टीचा हेवा वाटला. यांच्याकडे बाप्तिस्मा घेताना ठरलेलं काही म्हणायचं नसतं. प्रत्येकाने आपली श्रद्धा आपल्या शब्दांत लिहून मंडळीपुढे वाचायची. म्हणजे ज्याचा अभंग त्याने रचायचा. मावशींनी विसाव्या वर्षी लिहिला होता, दीड पान.

"काय लिहिलं होतं?"

"हरवलं ते. आणि सापडलं तरी तुला दाखवणार नाही." थोडं चालल्यावर म्हणाल्या, "देव हा शब्द फार वेळा होता."

बोल्स्वार्डला पोचलो तेव्हा बस नुकतीच निघून गेली होती आणि रविवार असल्याने पुढचीला वेळ होता. थांब्यावर बसून मी बूट काढला, फोड फुटला होता. मावशींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "पाय पुढे कर." खिशात एक बटाटा उरला होता, तो आम्ही अर्धा अर्धा खाल्ला.