सातबाऱ्यावर बबन, मृत्यू दाखल्यावर ज्ञानदेव

वडील, म्हणजे आमचे आण्णा, गेल्यावर शेतीला वारस लावायचे, एवढंच काम होतं. भावाबहिणींत कुरबुर नाही, कुणाची हरकत नाही. महसूल खात्याच्या ई-हक्क या वेबसाइटवर अर्ज भरला, मृत्यू दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. इथपर्यंत सगळं सुरळीत.

मग अर्ज परत. सातबाऱ्यावर आण्णांचं नाव बबन, मृत्यू दाखल्यावर ज्ञानदेव. शेरा काय, तर 'कोर्टाचा वारस दाखला आणा'.

तलाठी कार्यालयात गेले. साहेबांनी स्क्रीनवरच्या नावाखाली बोट धरलं. "हा बबन वेगळा, हा ज्ञानदेव वेगळा. आम्ही कसं ठरवायचं?" आमच्या ओट्यावर बसून आण्णांच्या हातचा चहा प्यायलेला माणूस हे विचारतोय! वर सल्ला दिला, "ताई, तुमचं लग्न झालंय, तुम्ही सोडून द्या ना हक्क, भावाचं काम सोपं होईल." बहिणींनी सही केल्यावर बबनचा ज्ञानदेव कसा होणार होता, देव जाणे. नंतर परत जावं तर कधी साहेब मोजणीला, कधी मीटिंगला, कधी सर्व्हर बंद.

शेवटी तालुक्याच्या गावी वकीलसाहेबांकडे गेले. कागद न बघताच त्यांनी विचारलं, "आजी आहे का?" आहे म्हटलं. "मग तिचं नाव टाकलंय ना?" टाकलं होतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगा गेला तर बायको, मुलं-मुलींबरोबर त्याची आईही पहिल्या वर्गाची वारस असते, आणि तीच हमखास राहून जाते म्हणे.

मग शेरा वाचून ते हसले. "वारस दाखला सांगतो वारस कोण. तुमच्यात तो वादच नाही. माणूस एकच का, एवढाच प्रश्न आहे." तो दाखला कोर्ट 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली देतं. त्यात जाहीर नोटीस निघते, तारखा पडतात. आमच्या अडचणीला त्याचा उपयोग शून्य. (बँकेतल्या पैशांसाठी लागतं ते सक्सेशन सर्टिफिकेट आणखी वेगळं. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही तिथेच कळलं.)

त्यांनी जुना फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, काढायला लावला. सातबाऱ्याच्या खाली जुन्या फेरफारांचे नंबर असतात, ते घेऊन तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करायचा. आजोबा वारले तेव्हाची नोंद निघाली. शाई पसरलेली, कडा कुरतडलेल्या, पण अक्षर स्वच्छ: 'बबन ऊर्फ ज्ञानदेव'. महसूल खात्याच्याच माणसानं लिहिलेलं! सोबत आण्णांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं.

वकीलसाहेबांनी बजावलं होतं, तोंडी बोलायचं नाही. अर्ज आवक-जावकला द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्यायची, आणि नाही म्हणाले तर कोणत्या नियमानं ते लेखी मागायचं. मी मागितलं. लेखी काही मिळालं नाही, पण फेरफार मात्र धरला गेला! पुढे नोटीस, हरकतीचे 15 दिवस, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. सातबाऱ्यावर आजी, आई, भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. ती प्रिंट मी मुद्दाम त्याच टेबलावर ठेवून वाचली.

हक्क सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. कार्यालयात कोऱ्या कागदावर संमतीची सही मागितली तर देऊ नका. वारसांची खबर मृत्यूनंतर तीन महिन्यांत द्यायची असते, हे आधी लिहायला हवं होतं. आणि घरात कुणाचं सातबाऱ्यावर टोपणनाव असेल तर जुन्या फेरफाराची नक्कल आत्ताच काढून ठेवा. आमच्या चुलत्यांचं नाव तिथे अजून 'बाळू' आहे. त्यांचा अर्ज मी कालच लिहून दिला.