लायकी नाही असं वाटत असताना

"तुम्ही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला जाता. या कामाला आपण पुरे पडणार नाही, असं वाटलं नाही का? मग देवाला हो कसं म्हणालात?" हे मला बरेच जण विचारतात, आणि बहुतेकांच्या मनात स्वतःचीच एखादी हाक अडकलेली असते.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वाटलं. अजूनही वाटतं. खोलीचं दार ढकलताना पोटात गोळा येतो. आत कुणी विचारतं, "देव माझं ऐकतोय ना?" आणि पाठ केलेली सगळी वचनं त्या क्षणी पळून जातात. मग मी हात हातात घेते आणि जे सुचेल ते, मोडकंतोडकं, देवाशी बोलते.

मला धीर मिळाला तो बायबलमधल्या मोशेकडून. जळत्या झुडपातून देव त्याला सांगतो, मिसरचा राजा फारो याच्याकडे जा आणि माझ्या लोकांना गुलामीतून सोडव. मोशे म्हणतो, फारोकडे जाणारा मी कोण? तू राजवाड्यात वाढलास, तिथली रीतभात तुला ठाऊक आहे, असं देव सहज म्हणू शकला असता. तो एवढंच म्हणाला, मी तुझ्याबरोबर असेन. मोशेची लायकी आहे की नाही, याला देवाने हातच घातला नाही. माझा सगळा भरवसा या एका उत्तरावर आहे.

मोशेच्या सबबी तरीही संपत नाहीत. लोक विश्वास ठेवणार नाहीत, मी जड जिभेचा. देव समजावत राहतो. त्याला राग येतो तो शेवटी, "दुसऱ्या कुणाला तरी पाठव" म्हटल्यावर. म्हणजे भीती बोलून दाखवली तर देव ऐकून घेतो, असं मला वाटतं. आणि रागावूनही त्याने मोशेला त्याच्या भावाची, अहरोनाची सोबत दिलीच. फारोपुढे उभे राहिले तेव्हा मोशे ८० वर्षांचा होता आणि अहरोन ८३ वर्षांचा. त्याआधीची पहिली भेट तर पार फसली होती. लोकांचे हाल वाढले, आणि बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे पुन्हा तेच म्हणतो: मला बोलता येत नाही, फारो माझं काय ऐकणार? हो म्हणून, कामाला लागूनही ती भावना गेलेली नव्हती.

बायबलमधल्याच गिदोनाचंही तसंच. देवदूत आला तेव्हा तो लुटायला येणाऱ्या मिद्यानी लोकांच्या भयाने द्राक्षं तुडवायच्या कुंडात लपून गहू झोडत होता. आपलं कूळ सगळ्यांत दुबळं आणि घरात आपण सगळ्यांत लहान, असं त्याने सांगून पाहिलं. बआल या परक्या दैवताची वेदी मोडायची आज्ञा झाली, तेव्हा घरच्यांना आणि गावाला भिऊन त्याने ती रात्री मोडली. पण मोडली.

मनात आलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे देवाचं पाचारण नव्हे, हेही सांगायला हवं. मी दोन गोष्टी पाहते: यात दुसऱ्या कुणाची खरी गरज आहे का, आणि मला जवळून ओळखणाऱ्या विश्वासू माणसांना ते पटतं का. दोन्हींचं उत्तर हो आलं, तर "मी पुरी पडेन का" या प्रश्नासाठी मी थांबत नाही.

तेव्हा तुम्हाला कुणी बोलावलं असेल, तर जा. एकट्याने जमणार नाही असं वाटत असेल, तर कुणाला तरी सोबत घ्या. मोशेनेही घेतलं होतं.